पंपापायी वेगळी चूल

नीलाने हंडा अंगणात भिरकावला, तो ठरल्याप्रमाणेच भिरकावला. पितळेचा नाही, ॲल्युमिनियमचा. पितळेचा चेपला तर उगाच नुकसान, हेही आदल्या दिवशी चहा पिता पिता ठरलं होतं. हंडा खडखडत जाऊन तुळशीच्या कट्ट्याला आपटला आणि कुंपणापलीकडे रत्नप्रभाचे धुणं आपटणारे हात जागच्या जागी थांबले. तेच हवं होतं! रत्नप्रभाला कळलं म्हणजे नदीपासून चेक नाक्यापर्यंत सगळ्या वस्तीला कळलं.

"निघा! आत्ताच्या आत्ता निघा!" नीला ओरडली. "स्वयंपाकघरात पाय ठेवला की तुमची देखरेख! मीठ किती घालायचं तेसुद्धा मी तुम्हाला विचारायचं होय?"

"अगं, चूल कशी पेटवायची ते मी शिकवलं तुला!" तिची थोरली जाऊ सुगंधा हिने पदर कमरेला खोचला. हेही पाठ केलेलं. "ह्या घराची भिंत लिंपताना माझ्या नखांत माती गेलीय. तू कोण मला काढणारी?"

माणसं जमली. लाल माठाच्या वाफ्यातून कोणी विळा हातात घेऊन आलं, कोणी तोंडात ब्रश घेऊन आलं. सीताराम दलाल कुंपणाशी विडी ओढत उभा होता आणि डोळ्यांनीच खुणावत होता... अजून जोरात, अजून जोरात! आणि मग नीला एक पाऊल पुढे आली. पोटावर दोन्ही हात ठेवून एकदम बारीक आवाजात म्हणाली,

"रिकाम्या कुशीची बाई रात्रंदिवस माझ्या पोटाकडं बघत बसते... मला भीती वाटते हो! नजर लागेल माझ्या लेकराला. जा तुम्ही. खरंच जा."

हे ठरलेलं नव्हतं.

ते शब्द सुगंधाच्या कानांत शिरले, आणि कानांतून काळजात उतरले, आणि तिथे एखाद्या तापल्या सळईसारखे रुतून बसले! तिच्या तोंडी पुढचं वाक्य ठरलं होतं, 'बघून घेईन तुला' असं काहीसं. ते राहूनच गेलं. तिने नीलाच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे हसू लपलेलं असेल, एखादी चोरटी खूण असेल, म्हणून पाहिलं... तिथे खरोखरची भीती होती. सुगंधाने वाकून हंडा उचलला, आणि विहिरीकाठच्या पत्र्याच्या खोपटाकडे चालू लागली.

"झकास!" सीताराम हळूच पुटपुटला. "शेवटी गप्प बसली ना, ते तर एकदम झकास!"

हा सगळा तमाशा कशासाठी? एका पंपासाठी!

दहिसर म्हटलं की लोकांना चाळी दिसतात, कारखाने दिसतात. पण शहाऐंशी साली नदीच्या अंगाला अजून भाजीचे मळे होते. माठ, मुळा, पालक, अळू पिकवून बायका पहाटे डोक्यावर पाटी घेऊन बोरिवलीच्या बाजारात बसत होत्या. सुगंधा-नीलाच्या घरची विहीर होळीच्या सुमारास तळ दाखवायची. मग गाळ मिसळलेलं पाणी रहाटाने ओढायचं, वाफ्यांपर्यंत डोक्यावर वाहायचं आणि तरीही अर्धा माठ उभाच्या उभा करपलेला बघायचा. मुंबईच्या हद्दीतही शेतकरी शिल्लक आहेत, ही आठवण सरकारला कोणीतरी करून दिली असावी. कारण त्या वर्षी योजना आली. अल्पभूधारकाला विहीर खोल करून मिळणार, वर विजेचा पंप मिळणार, आणि अर्ध्याहून अधिक भार सरकार उचलणार!

योजना आली ती आधी गेली कुठे? नदीपल्याड, श्यामसुंदर शेठच्या मळ्यात. शेठ राहायचे अंधेरीला, बंगल्यात. चिखलात पाय घालायची त्यांच्यावर कधी पाळी आली नव्हती. पण त्यांचा ड्रायव्हर अल्पभूधारक निघाला, स्वयंपाकी अल्पभूधारक निघाला, मेहुणा निघाला, मेहुण्याची बायको निघाली, आणि तीन वर्षांपूर्वी वारलेला त्यांचा जुना माळीसुद्धा अल्पभूधारक निघाला! मेलेल्या माणसाच्या नावाचा पंप शेठच्या केळींना धो धो पाणी पाजत होता. ही गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती? सगळ्यांना होती. पाहणीला येणारे साहेब त्याच केळी जीपमध्ये घालून घरी न्यायचे.

आणि नीलाच्या नवऱ्याचा, चंद्रप्रकाशचा अर्ज मात्र फेटाळला. का, तर चंद्रप्रकाशची आणि त्याच्या मयत थोरल्या भावाची जमीन एकत्र, ती मर्यादेच्या जराशी वर जाते. जराशी! एखाद्या वाफ्याइतकी!

तेव्हा हा सीताराम दलाल देवासारखा दारात आला. योजना मिळवून द्यायच्या आणि त्यातला आपला वाटा काढायचा, हाच त्याचा धंदा.

"सोपं आहे रे चंदू," तो म्हणाला. "वहिनींचा हिस्सा वेगळा दाखव. विधवा बाई, वेगळी राहणारी, स्वतःची जमीन. अशा बाईला पहिला नंबर! पंप वहिनींच्या नावावर, पाणी दोघांच्या शेताला. काम झालं की पुन्हा एकत्र जेवा, कोण बघतंय?"

"म्हणजे खोटं लिहून द्यायचं?" सुगंधाने विचारलं होतं.

"वहिनी, कागदावर काय, काहीही लिहिता येतं. पण साहेब पंचांना विचारतात. चूल वेगळी आहे का, भांडण झालंय का, बोलणं आहे का. शेजारीपाजारी सांगतील तेच खरं धरतात. तेव्हा एकदा चांगलं दणकून भांडा. सगळ्यांसमोर!"

तिघं हसली होती. चंद्रप्रकाशला तर हसून हसून ठसका लागला होता. कारण ह्या घरात भांडण? गुणाजीची बायको म्हणून सुगंधा ह्या घरात आली तेव्हा हा धाकटा दीर नाक पुसायचं न कळणारा, आई नसलेला पोर होता. त्याला तिने न्हाऊ घातलं, शाळेत घातलं, त्याच्या तापात रात्री उशाशी काढल्या. तिची कूस उजवली नाही; पण चंदूने 'वहिनी' म्हणून हाक मारली की त्यातच तिला सगळं मिळायचं. मग कावीळ होऊन गुणाजी गेला. माहेरची माणसं न्यायला आली होती, तेव्हा तिने चंदूकडे बोट दाखवून सांगितलं होतं, "ह्याला टाकून कुठं येऊ?" त्याला कंपनीत चिकटवलं ते तिने, त्याच्यासाठी नीला पाहिली तीही तिनेच. नीलाला माहेर नावालाच, सावत्र आईचं. म्हणून पहिलं बाळंतपणसुद्धा इथंच व्हायचं होतं, आणि चंदूला बहीण नाही म्हणून बारशाला आत्याच्या जागी बसून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान सुगंधाचा, हे नीलानेच लाजत लाजत सांगितलं होतं.

त्याच नीलाने...

साहेब आले. खोपटातली चूल पाहिली, तिच्यावरचं भाताचं भगुलं पाहिलं. पंच म्हणून उभे राहिलेले शेजारी तर एकमेकांच्या वर चढून बोलत होते.

"काय सांगू साहेब," रत्नप्रभा म्हणाली, "असलं भांडण मी जन्मात बघितलं नाही! पोटातल्या पोरावरून बोलली हो ती. तिथंच संपलं सगळं. आता काय ह्या दोघी ह्या जन्मी एका ताटात जेवत नाहीत."

रत्नप्रभा खोटं बोलत नव्हती. सुगंधा खाली मान घालून ऐकत होती, आणि तिच्या मनात येत होतं, हिला कळलं ते आमच्या चंदूला कसं नाही कळलं?

विहीर खोल झाली. सुरुंगाने कातळ फुटला आणि तळातून निळंशार पाणी वर आलं. पंप बसला. उन्हाळा तोंडावर असताना माठाची पानं तरारली. चंद्रप्रकाश हर्षभरित होऊन खोपटाशी आला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, लागली ना लॉटरी! आता फक्त वर्षभर. मधे कधीही तपासणी होते म्हणे. वर्षभर असंच काढू, मग या घरी."

"नीला काय म्हणते?"

"काय म्हणणार? कामात असते."

"माझ्याबद्दल काही बोलते?"

चंद्रप्रकाश हसला. "काय नटली होती ना वहिनी त्या दिवशी! मी तिला म्हटलं, तू नाटकात जा."

सुगंधा काय बोलणार होती ती? रागवावं, तर ते म्हणणार, अहो नाटक होतं! विसरावं, तर ते नाटक नव्हतं. नाटक होतं म्हणून नीलाला क्षमा मागता येईना, आणि नाटक नव्हतं म्हणून सुगंधाला जवळ जाता येईना. विहिरीवर दोघी समोरासमोर आल्या तरी नीला पोटावरून पदर ओढून घ्यायची. कोणी बघत नसतानाही! लोकांसाठी मांडलेली ती वेगळी चूल हळूहळू खरीच धगधगू लागली होती, आणि तिच्यावर एकटीपुरता मूठभर भात शिजवताना त्या माउलीच्या मनाचं काय होत असेल, हे कोणत्या साहेबाने तपासलं असतं?

चैत्रात नीला बाळंत झाली. मुलगी. सुगंधाला हे रत्नप्रभाच्या तोंडून कळलं, तेही ती दुसऱ्या कोणाला सांगत असताना. त्या दिवशी तिने डिंक तळला, खोबरं भाजलं आणि बाळंतिणीसाठी लाडू वळून डबा विहिरीच्या काठावर ठेवला. संध्याकाळी चंदूने तो उचलून नेला. रिकामा डबा परत आला तेव्हा तिला एवढा आनंद झाला की ती त्या डब्याला छातीशी धरून रडली!

बारशाच्या आदल्या दिवशी चंद्रप्रकाश आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"वहिनी, उद्या... तुम्ही येऊ नका."

सुगंधा भाजीच्या जुड्या बांधत होती. हात थांबले नाहीत. "नीला म्हणाली?"

"नाही हो! तक्रार गेलीय आपल्यावर. शेठनं केली. त्याला आपली वाडी हवीय, बिल्डर लागलाय त्याच्या मागं. विहीर आटली असती तर आपण ह्या उन्हाळ्यात विकूनच टाकली असती, हे त्याला माहीत होतं. आता पाणी लागलं, म्हणून पोटात दुखतंय. सीताराम म्हणतो, कधीही चौकशी येईल. आणि खाली सही माझी आहे, वहिनी. 'विभक्त आहोत' म्हणून मीच लिहून दिलंय. खोटं निघालं तर मला आत टाकतील."

"मग कानात नाव कोण सांगणार?"

"रत्नप्रभाकाकू." तो जमिनीकडे बघत होता. "वहिनी, रागावलात?"

"नाही रे बाळा." तिने जुडीची गाठ दातांनी ओढली. "जा तू. पाहुणे येतील, अंगणात मांडव तरी नीट घाल."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मांडवाखाली पाळणा टांगला गेला. खोपटापासून अंगण हाकेच्या अंतरावर. सुगंधा उंबऱ्यात बसून मुळे धूत होती आणि तिला सगळं दिसत होतं... झेंडूच्या माळा, घुगऱ्यांचं ताट, हळदीकुंकू लावून घेणाऱ्या बायका. पाळण्यातली ती एवढीशी मूठ एकदा वर आली, तेव्हा हिच्या हातातला मुळा पाण्यात पडला. अजून त्या पोरीचं तोंड तिने पाहिलं नव्हतं! बायका पाळणा म्हणू लागल्या, आणि इतक्यात नाक्याकडून धूळ उडाली. पुढे जीप, मागे शेठची पांढरी मोटार.

गाणं बंद पडलं.

चौकशीचे साहेब नवीन होते, तरुण होते, घामाघूम झाले होते. श्यामसुंदर शेठ पांढऱ्या बुटांनी वाफ्यांच्या बांधावरून जपून चालत आले. सीताराम कुठूनसा उगवला आणि पाहुण्यांच्या मागे दडला. सगळे थेट विहिरीपाशी, खोपटासमोर येऊन उभे राहिले. मांडवातली माणसंही मागोमाग आली.

"सुगंधाबाई तुम्हीच ना?" साहेबांनी विचारलं. "तिकडं तुमच्या पुतणीचं बारसं, आणि तुम्ही इथं मुळे धुताय?"

"बोलावलं नाही मला."

"का?"

"पटत नाही आमचं."

"साहेब," शेठ हसले, "सोंग आहे सगळं. मी सांगतो एक सोपी युक्ती. बाई देवाधर्माची आहे. त्या पोरीला इथं आणा. तिच्या डोक्यावर हात ठेवून बाईनं म्हणावं, ह्या घराशी माझा काही संबंध उरला नाही. बस्स. म्हणाली तर मी तक्रार मागं घेतो."

"शेठ, सरकारी कामात असल्या शपथा..."

"तुमच्या कामात नका लिहू. ऐका फक्त."

"अगो बाई, बाळाच्या डोक्यावर?" रत्नप्रभाने तोंडावर हात धरला.

सुगंधा उभी राहिली. ज्या लेकराला हिची नजर लागेल म्हणून हिला घराबाहेर काढलं, त्याच लेकराच्या कोवळ्या टाळूवर हात ठेवून हिने खोटी शपथ घ्यायची! आणि ती घेतली नाही तर? समोर चंदू उभा होता. बारशाचा नवा सदरा घातलेला, पांढराफटक पडलेला. ताप आला की तो असाच दिसायचा, लहानपणी. त्या दोघांच्या मध्ये त्या अभागी स्त्रीचं अंतःकरण अक्षरशः फाटत होतं...

"बाळावर हात ठेवणार नाही मी," ती म्हणाली. "ह्या विहिरीत उडी टाकायला सांगा, आत्ता टाकते. पण त्या पोरीवर खोटं नाही."

"ऐकलंत!" शेठनी टाळी वाजवली. "खोटं म्हणाली!"

साहेबांनी पेन काढलं. "म्हणजे तुम्ही विभक्त नाही. मग चंद्रप्रकाशनी लिहून दिलंय ते..."

"त्याला काही ठाऊक नाही, साहेब!" सुगंधा एकदम पुढे झाली. "मी फसवलं त्याला. मला पंप हवा होता, मला लोभ सुटला. मीच भांडण काढलं, मीच घर सोडलं, त्याला वाटलं खरंच सोडलं. त्याचा काय दोष? बायको-पोरीचा धनी आहे तो. मला न्या कुठं न्यायचं ते. माझ्यामागं रडायला कोण आहे?"

"वहिनी!" चंद्रप्रकाशच्या तोंडून हाक फुटली.

"तू गप्प बस! तुझं-माझं बोलणं नाही!"

आणि तेव्हा गर्दी बाजूला झाली. नीला येत होती. अंगावर हिरवं लुगडं, कपाळावर बारशाची हळद, छातीशी दुपट्यात गुंडाळलेली पोर. बाळंतिणीने असं उन्हात येऊ नये म्हणून मागून कोणी बाई ओरडत होती. नीला साहेबांसमोर येऊन उभी राहिली.

"साहेब, भांडण खरं होतं."

साहेबांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. माणूस वाईट नव्हता. त्यालाही उन्हातून जायचं होतं. "मग झालं तर! भांडण खरं, चूल वेगळी, म्हणजे कुटुंब विभक्त. मी तसं लिहितो. शेठ, आता तुमचं काही..."

झालं होतं! नीलाने तिथेच तोंड मिटलं असतं तर पंप वाचला होता, नवरा वाचला होता. शेठचा चेहरा काळाठिक्कर पडला. चंद्रप्रकाश डोळ्यांनी विनवत होता, बस, आता पुढं बोलू नको... गर्दीमागून सीताराम दोन्ही हात हलवत होता. नीलाने कोणाकडेच पाहिलं नाही. ती सुगंधाकडे वळली.

"भांडण खरं होतं, पण वेगळं होणं खोटं," ती म्हणाली. "ह्यांना वाटलं मी सोंग केलं. मीही ह्यांना तसंच सांगितलं. पण ते शब्द माझे होते, वहिनी. सीतारामनं शिकवलेले नव्हते. मला भीती वाटायची. तुम्ही माझ्या पोटाकडं बघायच्यात ना... मायेनं बघायच्यात, मला कळायचं, तरी माझ्या अंगावर काटा यायचा. सोंगाच्या आडून मी मनातलं ओकून घेतलं. तुमचे लाडूसुद्धा मी खाल्ले नाहीत. भीतीनं वाटून टाकले सगळे. आणि तुम्ही आत्ता ह्यांच्यासाठी तुरुंगात निघाल्या होता..."

ती पुढे झाली आणि सुगंधाच्या मुळ्याच्या चिखलाने भरलेल्या हातांत तिने ती पोर ठेवली.

"अगं, हात घाण आहेत माझे!"

"असू देत. घ्या. अजून नाव नाही ठेवलं हिचं. कोण ठेवणार होतं तुमच्याशिवाय?"

सुगंधाने पोरीकडे पाहिलं. इतके महिने कोंडलेले अश्रू तिच्या गालांवरून घळाघळा वाहू लागले! ती पोरीच्या कानाशी वाकली. काय पुटपुटली ते कोणालाच ऐकू गेलं नाही. रत्नप्रभा हुंदके देत होती. चंद्रप्रकाश लहान मुलासारखा वहिनीच्या पायांशी बसला होता.

साहेबांनी घसा साफ केला. "बाई, मग... मी काय लिहू?"

सुगंधाने डोळे पुसले नाहीत. पोरीला खांद्याशी घेतलं आणि ताठ उभी राहिली.

"खरं लिहा. एक घर, एक चूल. चुकलो आम्ही. पंप न्या. ह्याला काय शिक्षा द्यायची ती द्या, मी बरोबर येते. पण साहेब, आता पेन मिटू नका. असेच चला नदीपल्याड, मी वाट दाखवते. शेठच्या ड्रायव्हरची चूल बघा, स्वयंपाक्याची बघा, मेहुण्याची बघा. आणि तो माळी, त्याची तर चिताच विझून तीन वर्षं झाली, त्याचाही पंप चालू आहे. त्याच्या नावानं कोणाला शपथ घालायची ते शेठना विचारा!"

गर्दीतून हसण्याची एक लाट आली. शेठ मोटारीकडे वळले होते.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "तशी तक्रार माझ्याकडं आलेली नाही," ते म्हणाले.

"मी करते ना. आत्ता, तोंडी!"

"तोंडी चालत नाही."

पंप गेला. आठ दिवसांत टेंपो आला आणि चार माणसांनी तो उचलून नेला. चंद्रप्रकाशला चौकशीला बोलावलं, दोनदा बाकावर बसवून ठेवलं, लिहून घेतलं आणि हाकलून दिलं. एवढ्याशा माणसाला तुरुंगात घालण्याइतका वेळ कोणाकडे होता? सुगंधाने लेखी तक्रारही केली; रत्नप्रभाने अंगठा दिला, आणखी बाराजणांनी दिला. तिचं काय झालं ते आजपर्यंत कोणी सांगितलं नाही. नदीपल्याड शेठचे पंप त्याही उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ धडधडत राहिले.

मात्र खणलेली विहीर सरकारला उचलून नेता आली नाही. कातळाच्या तळाशी पाणी होतंच, फक्त दोर लांब लागत होता. सुगंधा आणि नीला दोघी मिळून रहाट ओढायच्या, आणि पोर आंब्याखाली झोळीत झोपायची. वाडी काही विकली गेली नाही.

एका सकाळी पोर रडून उठली. सुगंधाने दोर सोडला, पदराला हात पुसले आणि झोळीपर्यंत जाऊन थांबली.

"नीला, एक विचारू? खरं सांग. नाटक नको."

"विचारा."

"अजून वाटतं का गं तुला? माझ्या नजरेचं?"

नीलाच्या हातांत दोर तसाच राहिला. मग तिने वहिनीच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"कधी कधी," ती म्हणाली.

सुगंधाने वाकून पोरीला उचललं, छातीशी घट्ट धरलं आणि तिच्या गालाकडे निरखून पाहिलं.

"मग तीट जरा मोठी लावत जा हिला," ती म्हणाली. "ही बघ, किती फिकट लावलीयस. आण काजळाची डबी, मीच लावते."

नीला डबी आणायला घराकडे धावली.